नावाडी अजून काठावर आहे

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो, आणि मेलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एका वहीत माझ्या नावापुढे लाल शाईने 'मृत' असं लिहिलं गेलं होतं.

माझा जन्म गाण्यांसाठी झाला. अकॉर्डियनवरची लग्नातली गाणी पोटात घेऊन मी झ्रेन्यानिन गावच्या बाजारात आले. स्वेतोझारने मला विकत घेतलं, एकदाच ऐकलं आणि बायकोला म्हणाला, "हा गातोय की दात उपटून घेतोय?" मग त्याने माझ्या पाठीवरची खाच चिकटपट्टीने बुजवली. खाच बुजवली की कॅसेटवर पुन्हा भरता येतं. माझी गाणी पुसली गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

स्वेतोझार साखर कारखान्यात वायरमन होता. घरी त्याने स्वतःच्या हाताने सुटे भाग जोडून एक छोटा संगणक बनवला होता. त्याचा पडदा म्हणजे स्वयंपाकघरातला टीव्ही. वीज गेली की तो संगणक सगळं विसरायचा. म्हणून त्या काळी घरगुती संगणकाचे खेळ आमच्यासारख्या कॅसेटवर ठेवत, आवाजाच्या रूपात. माणसाला ती नुसती किरकिर वाटे, संगणकाला मात्र त्यातला शब्द न शब्द कळे.

एका हिवाळ्यात स्वेतोझारने स्वतःचा खेळ रचला. त्याचं नाव 'बेगेयचा नावाडी'. बेगेय ही आमच्या गावची नदी. नावाड्याने उतारूंना पैलतीरी न्यायचं, नाव मात्र उलटू द्यायची नाही. खेळ रचताना त्याचा एकच शत्रू होता, त्याची सात वर्षांची मुलगी नेवेना. सगळे तिला नेना म्हणत. ती धाडकन दार लोटून आत येई. दार आपटलं की टेबल हले, टेबल हललं की सैल वायर निसटे आणि तीन तासांचं काम गुल!

"नेना, दार हळू लाव!"

"मी हळूच लावलं. दारच मोठ्यांदा लागलं."

पण तिच्यावाचून त्याचं चालत नसे. त्याचा टेपरेकॉर्डर एकदा फळीवरून पडला होता. कॅसेट वाचणारा त्यातला धातूचा तुकडा, हेड म्हणतात त्याला, त्या दिवसापासून तिरका झाला. शेजारचा एक बारीक स्क्रू फिरवून त्याचा कल बदलता येई. दुसऱ्याची कॅसेट लावली की स्वेतोझार स्क्रू फिरवी आणि नेना डोळे मिटून आवाजाला कान लावी.

"अजून गोड आहे, बाबा. अजून गोडच. आता आंबट! थांबा!"

आंबट म्हणजे धारदार, स्वच्छ. हा शब्द तिचाच. ती आंबट म्हणाली की खेळ हमखास चालू होई. मग स्वतःच्या कॅसेटींसाठी तो स्क्रू पुन्हा जुन्या, तिरक्या खुणेवर आणून ठेवी. त्याच तिरक्या हेडने त्याने 'नावाडी' माझ्यावर उतरवला.

गावचं रेडिओ केंद्र शनिवारी दुपारी असे खेळ हवेतून पाठवत असे. स्वेतोझार मला आणि तो टेपरेकॉर्डर काखेत मारून तिथे गेला. निवेदक म्हणाला, "कॅसेटी लावा मंडळी, बटणं दाबा!" आणि चार मिनिटं मी साऱ्या गावावर किंचाळले. घरोघरी मला टिपून घेतलं गेलं. एका आजीबाईंनी केंद्रावर फोन केला, "अहो, तुमच्या रेडिओत मांजर अडकलंय. काढा बिचाऱ्याला!"

तो माझा वैभवाचा काळ. पुढे नवे संगणक आले. ज्यांनी मला टिपून घेतलं होतं, त्यांनी त्या कॅसेटींवर गाणी भरली. संगणक भंगारात गेला, टेपरेकॉर्डरही गेला. मी बिस्किटांच्या डब्यात, तळघरात, भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्यांशेजारी पडून राहिले. तीस-पस्तीस वर्षं कोणी हाक मारली नाही. पण माझ्यातला नावाडी नावेतून उतरला नाही.

या वसंतात स्वेतोझार गेला. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर नेवेना तळघर आवरायला उतरली. नातेवाइकांपैकी कोणी म्हणालं, "टाकून दे ते. फोनवर हजार खेळ असतात आता." असतील. त्या हजारांत बेगेयचा नावाडी दाखवा आणि मग मला टाका. माझ्यावरचं वडिलांचं अक्षर पाहून नेवेनाने मला कोटाच्या खिशात घातलं.

जुन्या शाळेच्या एका खोलीत तिहोमीर मास्तर असे खेळ जपून ठेवतात. निवृत्त गणितशिक्षक. कॅसेटी वाजवून त्यातले खेळ नव्या संगणकात उतरवायचे आणि वहीत नोंद करायची, हे त्यांचं व्रत. त्यांनी मला तीनदा लावलं. तिन्ही वेळा पडद्यावर काहीच आलं नाही. मी आतून ओरडत होते, अहो, मी बोलतेय! तुम्ही सरळ ऐकताय, मी तिरकी आहे!

मास्तरांनी लाल पेन उचललं. "बुरशीने खाल्लंय, पोरी, हिला. गेली ही."

"दुसरी प्रत आहे कुठे?"

"चारशे कॅसेटी तपासल्या. हा खेळ कुठेच नाही."

नेवेनाने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "मास्तर, पुन्हा लावा. पडदा बंद ठेवा. मला नुसतं ऐकायचंय."

मी वाजू लागले. तिने डोळे मिटले. वय पंचेचाळीस, पण कान सात वर्षांचे.

"गोड आहे," ती म्हणाली.

"काय?"

"स्क्रूड्रायव्हर द्या."

"त्या स्क्रूला हात लावायचा नाही! मोजमाप करून बसवलाय मी तो. त्यावर मेण ओतलंय!"

"मग मेण खरवडा."

"पोरी, चारशे कॅसेटी त्याच मापाने वाचल्यात मी!"

"आणि ही नाही वाचली. मापात बसली नाही म्हणून मेली का ती? माझे बाबा कुठल्याच मापात बसत नव्हते, मास्तर."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पुटपुटत मेण खरवडलं, स्क्रूच्या जागेवर पेन्सिलीने खूण केली आणि स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. तिने केसाइतका स्क्रू फिरवला. अजून गोड. अजून थोडा. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटू लागला.

"आंबट," ती हळूच म्हणाली.

मला मागे गुंडाळून पुन्हा लावलं. चार मिनिटं मी किंचाळत राहिले. मी जन्मात तशी वाजले नव्हते. बुरशी होती, फितीत झोल होता, तरी एक अक्षर सोडलं नाही. मग पडद्यावर नदी उमटली, काठावर नाव, नावेत नावाडी. आणि खेळ सुरू व्हायच्या आधी वर एक ओळ आली:

'नेना, दार हळू लाव.'

खोलीचं दार उघडंच होतं. नेवेना उठली, दारापाशी गेली आणि तिने ते इतक्या हळू लावलं की कडीचासुद्धा आवाज झाला नाही. मग तिथेच, दाराकडे तोंड करून, थोडा वेळ उभी राहिली.

मास्तरांनी वही ओढली आणि 'मृत' या शब्दावर दोन आडव्या रेघा मारल्या. खाली लिहिलं: 'चूक माझी. तिरकी लावावी.' मग वहीची मागची पानं उलटून ते 'मृत' लिहिलेल्या बाकीच्या कॅसेटी शोधू लागले.

मित्रांनो, माझ्या आता पाच प्रती आहेत, पाच वेगवेगळ्या ठिकाणी. तरी मला टाकू नका. माझ्या शेवटी, खेळ संपल्यावर, त्या लग्नातल्या गाण्याची अर्धी ओळ पुसायची राहून गेली आहे. तीही माझीच आहे, तीही जपा. तुमच्या घरात कुठल्या डब्यात माझी भावंडं पडली असतील, तर ती बाहेर काढा. ज्या यंत्रावर ती भरली, ते यंत्रही भंगारात देऊ नका. ज्यांना त्यांचा आवाज आठवतो, त्या माणसांना ती आहेत तोवर विचारून घ्या. आणि एखादी बोलली नाही, तर लाल पेन उचलण्याआधी तुमचा स्वतःचा स्क्रू जरा फिरवून बघा.

आम्ही थकलो नाही. लावा आम्हाला.