टॉवर सुटण्याआधीचा इशारा

सिग्नल मंदावू लागताच फोनला आतून इशारा मिळावा, म्हणजे तो पुढचा टॉवर वेळेवर धरेल, ही युक्ती सकवारबाईची. तिच्या साहेबांनी, रणजीतनं, अहवालावर स्वतःचंच नाव घातलं.

१९९८ साली कंपनीच्या पाहुण्यांना आणि तिला गाडीत घालून तो जयनगरात चाचणी दाखवायला निघाला. पायी चालणाऱ्याच्या वेगावर बेतलेला इशारा गाडीत उशिरा पोचणार, हे सकवारबाईला ठाऊक होतं. तिनं मुद्दाम तोंड उघडलं नाही.

चौकात फोनवरचं बोलणं तुटलं.

"हे सगळं हिचं काम!" रणजीत ओरडला.

"ऐकलंत ना पाहुणे? साहेबच म्हणतायत." इशारा लवकर मिळावा म्हणून तिनं एक आकडा बदलला. कानडी ड्रायव्हरला म्हणाली, "अण्णा, स्वल्प, थोडी गाडी मागं घ्या."

परतताना त्याच चौकातही बोलणं अखंड चाललं. पाहुणे प्रश्न विचारत राहिले, अन् तिनं रणजीतला एकाचंही उत्तर देऊ दिलं नाही.