घरचा खेळाडू

रतनबाईंनी मंडपाच्या पायऱ्या चढून समालोचकाच्या हातातला माईक काढून घेतला. तो बिचारा वाक्याच्या मधेच होता. "राकेशदादा आज बहुतेक कसोटी सामना खेळायला आलेत," इथपर्यंत बोलून झालं होतं, पुढचा विनोद ओठांवर होता.

"हे बघ," रतनबाई माईकमध्येच बोलल्या, त्यामुळे आंबिवलीच्या अख्ख्या मैदानानं ते ऐकलं. "तू जन्मला नव्हतास तेव्हापासून माझा पोरगा इथं खेळतो. नाव घ्यायचं तर आदबीनं घे. नायतर नुसता स्कोर सांग. तो पण बरोबर सांग."

लोक हसले, दोन-चार शिट्ट्या पडल्या. समालोचकानं हात जोडले. माईक त्याच्या हातात देऊन रतनबाई खाली उतरल्या. वाटेत ताशेवाले काड्या परजून बसले होते, त्यांच्याकडे वळल्या.

"आणि तुम्ही. सामना संपायच्या आधी कोणी वाजवलं तर ताशा फोडीन. मी सांगेन तेव्हा वाजवायचं."

मग आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि सुजलेली पावलं लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतली.

"बरोबर बोललात, मावशी," मागून कोणीतरी म्हणालं.

रतनबाईंनी मान वळवली नाही. बरोबर तर तो समालोचकही बोलला होता. त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांना ते माहीत होतं.

उपांत्य सामना रतनबाईंच्या राघो इलेव्हननं जिंकला, पण कसाबसा. सहा षटकांचा खेळ, त्यातली दोन षटकं राकेशनं एकट्यानं खाल्ली आणि धावा केल्या नऊ. बाद झाला नाही, एवढंच. या खेळात बाद न होणं हा गुण नव्हे. गाडी सुटायला आलेली असताना तिकिटाच्या रांगेत शिस्तीनं उभ्या राहणाऱ्या माणसासारखं ते. शेवटच्या षटकात गोलंदाज साकेतनं समोरच्यांना बांधून ठेवलं, म्हणून दुपारच्या फायनलला जागा मिळाली.

संघ त्यांच्या नवऱ्यानं, राघोनं काढलेला. तो गेल्यावर गावाला वाटलं, आता बाई संघ मोडणार. बाई खेळाडूंच्या पुढच्या लिलावाला जाऊन पहिल्या रांगेत बसल्या. आजूबाजूला गळ्यात जाड साखळ्या घातलेले मालक डोंबिवलीचे, विरारचे नामांकित षटकारवाले उचलत होते. नाव पुकारलं की टाळ्या पडायच्या. रतनबाईंनी ज्यांना टाळ्या पडत नव्हत्या ते घेतले. चौथीत शाळा सुटलेली बाई, तिला क्रिकेटमधलं काय कळतं, असं लोक तोंडावर म्हणाले नाहीत एवढंच. पण गावातल्या लग्नांची जेवणं त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि त्यातून त्या एक गोष्ट पक्की शिकल्या होत्या. भाकऱ्या थापणारीनं भाकऱ्याच थापाव्या. तीच मधे उठून मटणाला फोडणी द्यायला गेली की दोन्ही करपतं. पंगत बसली की शिकायला, रुळायला वेळ नसतो, आणि सहा षटकांची पंगत तर बसताबसता उठते.

साकेत असाच मिळाला. घोडबंदर रोडच्या कुठल्याशा टॉवरमध्ये राहणारा, कॉम्प्युटरवर नोकरी करणारा, चेंडू इतका हळू टाकायचा की मालक हसले. रतनबाईंनी पाहिलं की फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा होतो आणि चेंडू मग सावकाश येऊन बॅटीच्या कडेला लागून सरळ आभाळात जातो.

"हा मला पाहिजे," त्या म्हणाल्या. मग त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "शेवटची ओव्हर तुझी. बाकी काय करू नको. बॅटिंग आली तरी घाबरत जाऊ नको, येणार नाय."

"चालेल, काकी," तो म्हणाला. "ऑफिसमध्ये पण असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

असं प्रत्येकाला एकेक काम वाटून दिलेलं. राकेशकडे मात्र तीन होती. कप्तान, सलामीचा फलंदाज आणि राघोचा मुलगा. या लीगमध्ये दर मालकाला एक घरचा खेळाडू लिलावाबाहेर ठेवता येतो. रतनबाईंचा घरचा खेळाडू कोण, हे कोणी कधी विचारलंच नव्हतं.

दुपारी मंडपामागच्या सावलीत सुनेनं, स्वप्नानं, डबे उघडले. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलांची चटणी. पोरं खाऊन पांगली. राकेश नेहमीसारखा जेवला नाही. सामन्याच्या दिवशी खेळ संपेपर्यंत तो पोटात काही घालत नसे.

"सकाळी दोन गोळ्या घेतल्यात गुडघ्यासाठी," स्वप्ना भाकरीवर फडकं झाकत म्हणाली. "आत्ता अजून एक. जिना उतरताना भिंत धरून उतरले."

"मग सांग की त्याला. बायको आहेस."

"सांगितलं. म्हणाले, आयेला विचार."

"आणि मला कधी विचारलंस?"

"तुम्हाला कोण विचारतं, आई? तुम्ही सांगता, आम्ही ऐकतो."

रतनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग डब्याचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं.

"लोक काय म्हणतील? सकाळी माईकवर भांडली आणि दुपारी स्वतःच पोराला खाली बसवलं."

"लोकांचं सोडा." स्वप्नाचा आवाज खाली आला. "ते म्हणतात, मी खेळायचा बंद झालो तर आये मैदानावर यायची बंद होईल. बाबांनंतर तेवढंच आहे तिला. घरात कोपऱ्यात बसून राहील."

"मला?" रतनबाई म्हणाल्या. "आणि मी कोणासाठी येते, असं वाटतं त्याला? ही धूळ, हा आवाज..."

फडक्याचं टोक उडालं होतं, ते त्यांनी डब्याखाली नीट खोचलं.

फायनलला समोरच्यांची फलंदाजी पहिली आली. नामांकित मंडळी एकामागून एक आली, एकेक उंच मारून परत गेली. मारणारे सगळेच, थांबून एकेरी धाव घेणारा कोणी नाही. तरी धावा झाल्याच. राकेशला त्याच्याच संघानं जवळ उभं केलं होतं, जिथं पळावं लागत नाही. एक चेंडू त्याच्या पायांजवळून गेला. तो वाकेपर्यंत मागे सीमारेषेवर पोहोचला. कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं, असं रतनबाईंना वाटलं. साकेतनं शेवटचं षटक टाकलं तेव्हा राघो इलेव्हनला जिंकायला एकसष्ट धावा लागणार होत्या. म्हणजे प्रत्येक षटकाला दहा, वर एक.

मधल्या वेळात पोरं रतनबाईंच्या खुर्चीभोवती जमली. हा राघोच्या वेळेपासूनचा रिवाज. खेळायला जाण्याआधी दोन बॅटी मालकीणबाईंसमोर आडव्या ठेवायच्या, ज्यांच्या बॅटींना त्या कुंकू लावतील ते दोघं सलामीला. राघो गेल्यावर पहिल्याच सामन्याला एक म्हातारी कुजबुजली होती की, आता या हातानं कुंकू कसं लावणार. "बॅटीला लावायचंय, मला नाय," रतनबाई म्हणाल्या होत्या. "आणि बॅटीचा नवरा अजून जिवंत आहे." त्यानंतर कोणी कुजबुजलं नाही.

राकेशनं दोन बॅटी ठेवल्या. उजवीकडे स्वतःची, डावीकडे त्याच्या जोडीला खेळणाऱ्या अपूर्वची. स्वप्नानं करंडा पुढे केला.

रतनबाईंनी अपूर्वच्या बॅटीला कुंकू लावलं. मग बोट पुन्हा करंड्यात बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"रामा, तुझी बॅट आण."

रामा टेम्पो चालवायचा, संघात त्याचं काम शेवटी येऊन उंच मारायचं. तो जागचा हलला नाही. त्यानं राकेशकडे पाहिलं.

"तिकडं काय बघतोस? कुंकू मी लावते."

रामानं बॅट आणून ठेवली. ती ठेवायला जागा हवी म्हणून उजवीकडची बॅट थोडी बाजूला सरकवावी लागली. ती राकेशनंच सरकवली. रतनबाईंनी कुंकू लावलं. पोराच्या तोंडाकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही, म्हणून खाली बघितलं.

राकेशच्या पायात चपला होत्या.

बूट त्यांच्याच खुर्चीखाली शेजारी शेजारी लावून ठेवलेले होते, आत मोजे खोचलेले. गुडघ्याचा पट्टा त्यांच्यावर घडी करून ठेवला होता. मैदानातून येऊन त्यानं हे कधी केलं, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आणि तरीही बॅट मात्र आणून ठेवली होती, नेहमीच्या जागी.

"रामा," राकेश म्हणाला, "पहिल्याच चेंडूपासून घे. बघत बसू नको. मी बघत बसायचो."

"दादा, तू..."

"मी सगळ्यात शेवटी. जा."

ती दोघं मैदानात गेली. राकेशनं एक खुर्ची ओढली आणि आईच्या शेजारी टेकला. बसताना त्याच्या तोंडून एक लांब श्वास गेला, ओझं उतरवलेल्या हमालासारखा.

"स्वप्ना, भाकर उरली का गं?"

"आत्ता जेवता?"

"भूक लागली."

रतनबाई समोर बघत राहिल्या. रामानं पहिला चेंडू मंडपावरून मारला. लोक ओरडले. राकेश बोटांनी चटणी पुसून खात होता, लहानपणी खायचा तसा, मान खाली घालून, घाईनं.

"ठसका लागेल," त्या म्हणाल्या.

"नाय लागत."

दुसरी भाकरी संपली तोवर रामा बाद होऊन आला होता, पण त्याचं काम झालं होतं. मागून एकेक जण यायचा, आपल्या वाटणीचं करायचा आणि निघून जायचा. राकेश आधी बघत होता. मग त्याची मान एका बाजूला कलली. रतनबाईंना खांद्यावर वजन जाणवलं. गोळ्यांची झोप होती आणि कितीतरी वर्षांच्या रविवारांची. तिरपं ऊन त्याच्या तोंडावर येत होतं. त्यांनी पदर सोडवून आडवा धरला.

शेवटच्या षटकात अजून एक बाद झाला. राखीव खेळाडूंपैकी एकजण धावत आला. "मावशी, दादाला उठवा. अजून एक विकेट पडली तर साकेत, मग दादाच..."

रतनबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो आला तसा परत गेला.

मग पुढचे सगळे लोक खुर्च्यांवर उभे राहिले आणि मैदान दिसेनासं झालं. रतनबाई आयुष्यात पहिल्यांदा अशा वेळी बसून राहिल्या. समोर पाठींची भिंत होती. बॅटीचा आवाज आला. मग काही क्षण काहीच नाही. मग असा गलका उठला की मंडपाचं कापड हललं. राकेशनं झोपेत तोंड फिरवलं आणि पुन्हा त्यांच्या खांद्यात खुपसलं.

गर्दी फोडून साकेत आला. भुवयांत, केसांत, चष्म्यावर, सगळीकडे गुलाल. त्यानं दोन्ही हात वर केले होते आणि तोंड उघडलं होतं. त्याच्या मागोमाग ताशेवाले आले. काड्या वर उचलून, सकाळचा दम आठवून ते थांबले आणि मालकीणबाईंच्या खुणेची वाट बघू लागले.

रतनबाईंनी पदर धरलेला हात तसाच ठेवला. दुसरा हात उचलला, आणि कुंकवाचं बोट ओठांवर ठेवलं.