अठरा भोकांची शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी कोळशाची शेगडी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. हल्ली दुकानांत चकचकीत रंगाच्या, चाकं लावलेल्या शेगड्या मिळतात आणि एका पावसात त्यांचे पापुद्रे निघतात. मी वीस वर्षांची आहे, पण माझा एकही सांधा सुटलेला नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, कारण खरं सांगायला कसली लाज?

जन्माने मी तेलाचं पिंप. एका वेल्डिंगवाल्याने मला भंगारातून उचलून आणलं, आत लाकडं पेटवून माझा तेलकट वास घालवला आणि गॅस कटरने मला उभी चिरली. अर्ध्याचं पोट झालं, अर्ध्याचं झाकण. मग दोन बिजागऱ्या, चार पाय आणि वर सळ्यांची जाळी. मी तयार झाले असं सगळ्यांना वाटलं, तेव्हा त्याने ड्रिल घेऊन माझ्या पोटाला खालून अठरा भोकं पाडली. शेजारी हळहळला. "अहो, एवढी धडधाकट वस्तू बनवली आणि भोकं कसली पाडताय?"

"श्वास घ्यायला," वेल्डिंगवाला म्हणाला.

खरंच, कोळसा हवेवर जगतो. खालून वारा मिळाला की तो फुलतो. माझी अठराही भोकं अशी मापात होती की वेल्डिंगवाल्याला कधी फुंकणी हातात घ्यावी लागली नाही. रविवारी दुपारी त्याच्या अंगणात माझ्यावर कणसं, बटाटे, मासे, कोंबडीच्या तंगड्या भाजल्या जात. शेजारी आपापल्या खुर्च्या घेऊन येत. "काय शेगडी आहे!" असं कुणी म्हटलं की माझं लोखंड आणखी तापत असे.

पण धूर आणि वेल्डिंग यांनी मिळून वेल्डिंगवाल्याची छाती खाल्ली. डॉक्टरांनी बजावलं की निखाऱ्यावर वाकायचं नाही. मग मी दोन वर्षं अंगणाच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकखाली पडून होते. झाकणात गांधीलमाश्यांनी घर केलं. पोटात पाणी साचलं. माझ्यासमोरून लोक जात-येत, पण कुणी वळूनही बघत नसे. फार वाईट दिवस होते ते.

एके दिवशी वेल्डिंगवाल्याने जावयाला बोलावलं. जावई शिंपी. बोलताना ओठांत टाचण्या धरायची सवय, म्हणून गल्लीत त्याला सगळे टाचणी म्हणत. लग्नाला बारा वर्षं झाली, पण सासऱ्याने त्याच्यावर कधी साधा खिळा ठोकायचंही काम सोपवलं नव्हतं. सुईदोऱ्याच्या माणसाला जड काम जमायचं नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

"ही घेऊन जा," वेल्डिंगवाला म्हणाला. "महिनाअखेरीला माझ्या पोरीच्या वाढदिवसाला मी जेवायला येतो. जमलं तर ठेवा. नाही जमलं तर परत आणा, मी हिला कापून फाटकाला पट्ट्या करतो. माझ्या शेगडीवर कच्चं मांस वाढलं असं कुणी म्हणायला नको."

पट्ट्या! माझ्या! टाचणीचाही चेहरा पडला, पण त्याने मान डोलावली. सासऱ्याने त्याला दिलेलं ते पहिलंच काम होतं, आणि काही झालं तरी ते पार पाडायचं, असं त्याने ठरवलं.

त्याने मला घासलं, तेल लावलं, गंज काढला. माणूस कमालीचा स्वच्छ. तिथेच तर घोळ झाला. कोळशाने हात काळे होतील आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्याला डाग पडतील, म्हणून या गृहस्थाने कोळसा धुतला! साबण लावला नाही, हे माझं नशीब. मग तो वर्तमानपत्रावर उन्हात वाळत घातला. बायको दारात उभी राहून बघतच राहिली.

"अहो, पेटवायचा आहे ना तो?"

"पेटवायचाच आहे. पण स्वच्छ पेटवू."

वरून वाळलेला कोळसा आतून ओलाच होता. तो तडतडला, उडाला आणि नुसता धुमसत राहिला. त्या रविवारी त्यांनी ब्रेड खाल्ला.

दुसऱ्या रविवारी कोरडा कोळसा आला. पण माझ्या भोकांतून राख फरशीवर सांडते, हे टाचणीला खपेना. शिंप्याला भोक दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. त्याने पत्र्याचे अठरा गोल तुकडे कापले, बटणांसारखे सुबक, आणि चिकणमातीने माझी अठराही भोकं आतून बुजवली. वर कोळसे ओळीने मांडले, प्रत्येकात दोन बोटांचं अंतर. मी गुदमरले, मित्रांनो! कोळसे पेटले आणि एकेक करून विझले. मग हा घायकुतीला आला आणि त्याने रॉकेल ओतलं. भडका माझ्या झाकणापर्यंत गेला, त्याच्या भुवया जेमतेम वाचल्या. तंगड्या बाहेरून काळ्या, आतून लाल, आणि वास रॉकेलचा. एवढा अपमान गांधीलमाश्यांनीही केला नव्हता.

बायकोने ताटं बाजूला सारली. "सोडा आता. बाबांना सांगते मी, नाही जमलं म्हणून. त्यात काय एवढं?"

"तुला नाही कळायचं गं," टाचणी म्हणाला. "त्यांनी बारा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातात दिलंय."

ताटं उचलता उचलता ती म्हणाली, "दुकानात माळ्यावर तुमच्या उस्तादांची कोळशाची इस्त्री आहे ना? ती बरी पेटवायचात तुम्ही. ती नाही कधी विझली."

टाचणी उठला तो थेट दुकानात गेला आणि ती इस्त्री घेऊन आला. दुकानात वीज नव्हती त्या काळी त्याने तीच इस्त्री वर्षानुवर्षं वापरली होती. त्याने ती माझ्याशेजारी ठेवली आणि पालथी-उताणी करून पाहिली. तिच्या दोन्ही बाजूंना भोकांची रांग होती.

"हिची भोकं मी कधी बुजवली होती का?" तो स्वतःशीच बोलला आणि त्याने कपाळावर हात मारला.

इस्त्रीत कोळसा कसा भरायचा हे त्याच्या हातांना तोंडपाठ होतं. एकमेकांना टेकलेला ढीग करायचा. काळा कोळसा कापडाजवळ न्यायचा नाही, त्यावर राखेची पांढरी साय येईपर्यंत थांबायचं. रेशमाला निखारे कमी, जाड्याभरड्याला जास्त. हे सगळं येत असून इतके दिवस त्याने मला परकं मानलं होतं! त्याच संध्याकाळी त्याने पेचकसाने माझी अठराही भोकं मोकळी केली. फरशीसाठी खाली पत्र्याचा ट्रे सरकवला. पुढच्या रविवारी बटाटे जमले, त्याच्या पुढच्या रविवारी तंगड्या. शिंपी भराभर शिकत होता आणि मी त्याला सांभाळून घेत होते.

वाढदिवसाच्या दुपारी वेल्डिंगवाला आला. वाऱ्याच्या उलट्या बाजूला, धुरापासून लांब, त्याला खुर्ची दिली. टाचणीने निखाऱ्यांची एका बाजूला टेकडी केली, दुसरी बाजू रिकामी ठेवली. जाळीवर तळहात धरून, धग किती वेळ सोसते ते आकडे मोजून पाहिलं. मग तंगड्या रिकाम्या बाजूला ठेवून झाकण लावलं. वेल्डिंगवाल्याचा हात दोनदा चिमट्याकडे गेला आणि दोनदा मागे आला. शेवटी तंगड्या खरपूस करायला निखाऱ्यांवर घेतल्या आणि चरबीचा थेंब पडून जाळ उठला, तेव्हा तो अर्धवट उभाच राहिला. टाचणीने शांतपणे तंगडी बाजूला सरकवली आणि जाळ खाली बसला. वेल्डिंगवालाही बसला.

त्याने पहिला घास घेतला. हाडाजवळचं मांस नखाने उलगडून पाहिलं. मी सांगते, मी अठराही भोकं वासून बघत होते.

"कुणाकडून शिकलात?" त्याने विचारलं.

"इस्त्रीकडून," टाचणी म्हणाला.

वेल्डिंगवाला हसला आणि हसता हसता त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर त्याने ताट पुढे केलं. "अजून एक वाढा. आणि पुढच्या रविवारी मी मासे घेऊन येतो."

"मासे मला अजून जमत नाहीत, बाबा. जाळीला चिकटतात."

"मी सांगतो ना. इथे बसून सांगतो. करायचं तुम्ही."

टाचणीने मान खाली घालून निखारे सारखे केले. ते सारखेच होते. त्याचे डोळे धुराने पाणावले नव्हते, कारण त्या दिवशी मी चमचाभरसुद्धा धूर केला नव्हता.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. निखारे पूर्ण विझल्यावर राख काढा, नाहीतर ती पाणी धरून माझं पोट कुरतडते. भोकं मोकळी ठेवा. मला उघड्यावर पेटवा, बंद खोलीत कधीच नको. रॉकेलची बाटली माझ्या आसपासही आणू नका. आणि तुमच्या घरात कुणी नवखं माणूस पहिल्यांदा निखाऱ्यापाशी उभं असेल, घामाघूम झालेलं, चुकत असलेलं, तर त्याच्या हातातला चिमटा ओढून घेऊ नका. तुम्ही खुर्चीवर बसा. बाकीचं मी बघते.