बटणांच्या पेटीत पुदिना

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे; पण नुसती जुनी म्हणून पुढे जाऊ नका. चार ओळी, ओळीत सहा, असे चोवीस खण मी अंगावर बाळगते. एका अबोल सुताराने मला सागाच्या उरलेल्या फळ्यांतून घडवले. खिळा एकही मारला नाही. लाकडाला लाकडाची मिठी घातली, ती आजवर सुटलेली नाही.

माझी उमेदीची वर्षे बटणांच्या दुकानात गेली. शिंपल्याची बटणे, शिंगाची बटणे, पितळेची बटणे! कोटाचे हरवलेले एकच बटण शोधत गिऱ्हाईक यायचे, ते माझ्याकडे सापडायचे, आणि दुकानदार माझ्या माथ्यावर कौतुकाने थोपटायचा. पुढे दुकान मिटले. मला मागच्या बोळात टाकले. माझ्यावर आधी रंगाचे डबे आले, मग एक मांजर आले. मांजराचे मी मनाला लावून घेतले नाही. डब्यांचे मात्र घेतले.

तिथून मला एका काकूने उचलले. काकूची सगळी नोकरी टपाल कचेरीत पत्रे निवडण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर तिच्या मनाने घेतले, की घरच्या घरी पाल्या-मुळ्यांचा लहानसा औषधसाठा करायचा. घरात तिची थोरली नणंद होती, एका दवाखान्यातली जुनी नर्स. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची.

"काय गं, पोस्टातून सुटलीस आणि आता पाल्याचं पोस्ट उघडतेस होय?" ताईने मला पाहताच विचारले.

"उघडते तर! तुम्ही फक्त शिक्के मारा," काकू म्हणाली.

खिडकीतल्या कुंड्यांत पुदिना आला, झेंडू आला. बाजारातून बडीशेप, ओवा, सुंठ, ज्येष्ठमध आणि पोट साफ करणारी सोनामुखी आली. जुन्या चादरीवर पाने पसरून काकू गुणगुणायची:

पान वाळवू सावलीत, उन्हाला गं नको दावू,
रंग राहू दे हिरवा, गंध घरभर ठेवू.

पान चुरताना कुरकुरले की वाळले, आणि मगच माझ्या खणात त्याला जागा. दोन वर्षांत माझे चोवीसही खण भरले. कोणी पोट फुगले म्हणून येई, कोणी घसा बसला म्हणून. काकू पुडी बांधून देई आणि वर बजावी, "दोन दिवसांत उतार नाही पडला, तर डॉक्टर गाठायचा. माझ्याकडे फिरकायचं नाही." मी मनात फुलून जात असे.

पण एक चूक माझ्या अंगावर पहिल्या दिवसापासून चिकटलेली होती. टपाल कचेरीतले खाने जागचे हलत नाहीत, म्हणून नावे चौकटीवर लावतात. काकूने सवयीने तसेच केले. नावाच्या चिठ्ठ्या तिने खणांवर लावल्या नाहीत. खणांखालच्या पट्टीवर लावल्या. आणि माझे खण तर निघणारे!

एके दिवशी मला तेल लावायचे म्हणून तिने भरलेले खण बाहेर काढले, पलंगावर मांडले, आणि काम झाल्यावर हाताला आले तसे परत बसवले. तिला सर्दी झाली होती, नाक गच्च. वास कळण्याची सोयच नव्हती.

दुसऱ्या सकाळी शेजारचे टेलर मास्तर आले. पोट जड होते, आणि सोमवारी शाळेचे साठ गणवेश द्यायचे होते. काकूने 'पुदिना' लिहिलेल्या जागचा खण ओढला आणि चांगली मूठभर पाने दिली.

दुपारी मास्तर दाराला धरून उभे होते, चेहरा पांढराफटक. "काकू, तुमचा पुदिना फारच मनावर घेऊन काम करतो हो! सकाळपासून मी मशीनवर कमी आणि आतबाहेर जास्त."

ताईने खणातले पान चुरून हुंगले. "अगं, ही सोनामुखी आहे! चिमूट द्यायची, तिथे मूठ दिलीस?"

मास्तरांना बसवून ताईने मीठ-साखरेचे पाणी पाजले. काकू माझ्यासमोर मटकन बसली. तिचा हात माझ्या पट्टीवरून फिरला आणि तिथेच थांबला.

"बाकीचे खण वासावरून लावू की," ताई हळू आवाजात म्हणाली. "मी ओळखते बरेचसे."

"बरेचसे? मग पुडीवर काय लिहू ताई, 'बहुतेक सुंठ'?"

त्या संध्याकाळी काकू दारोदार गेली. कालपासून दिलेल्या पुड्या परत घेतल्या आणि चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. मग माझे चोवीसही खण तिने परसातल्या खड्ड्यात रिते केले. दोन वर्षांची सावली, दोन वर्षांचा गंध, सगळे मातीत. मित्रांनो, मी भरलेली असताना गर्वाने उभी होते, हे खरे. पण त्या संध्याकाळी मी हलकी झाले आणि माझी मान पहिल्यांदा खरी ताठ झाली. खात्री नसलेले एक पानही माझ्यात उरले नव्हते.

मग गल्ली यायची थांबली. काकूने मात्र नव्याने चार खण भरले. या वेळी नाव खणाच्या तोंडावर, खणाच्या आतही, सोबत तारीख, आणि खाली ताईची सही. तीन महिने त्या चार खणांना कोणी हात लावला नाही. माणसे दारावरून जात, आणि काकू कोरडे कापड घेऊन पुसलेलेच पुन्हा पुसत बसे.

एक दिवस मास्तर आले. "पोट जड झालंय. पुदिना द्या."

काकूचा हात थबकला. "माझ्याकडून?"

"मग कोणाकडून? आपली चूक आपण होऊन घरोघर सांगणारं माणूस मला दुसरं कुठं मिळायचं?"

काकूने खण आधी त्यांच्या नाकाखाली धरला, मग ताईच्या, आणि मग पुडी बांधली. मास्तरांच्या मागून गल्लीही आली.

आज माझे सतरा खण भरलेले आहेत. मित्रांनो, तुमच्याही घरात औषधाची एखादी पेटी, डबा, बाटली असेल. तिला ओल लागू देऊ नका. तिच्यावर नाव घाला, तारीख घाला. आणि कधी शंका आलीच, तर आतले फेकताना हळहळू नका. आम्हा पेट्यांना रिकामे राहणे जमते. ज्याने विश्वासाने हात पुढे केला, त्याला भलतेच काही देणे आम्हाला सोसत नाही.