सिस्टरच्या नावाने

"जोडणी झाली की स्वतःच्या नावाने उघडून खूश होऊ नकोस. ज्याला वापरायचंय, त्याच्या नावाने उघडून बघ." निवृत्त झालेल्या साहेबांचं हे सांगणं तिला पाठ होतं, तरी काल ती नेमकं तेच विसरली.

रुग्णालयाचे आकडे वॉर्ड, महिना आणि कामाची पाळी अशा तीन बाजूंनी रचून एका डेटा क्यूबमध्ये ठेवलेले होते. नव्या अ‍ॅपमधून त्या क्यूबला जोडणारा कोड तिने लिहिला, चालवला आणि तक्ता भरभरून आलेला पाहून घरी गेली.

सकाळी हेडसिस्टरचा फोन आला. "बाई गं, तुझा तक्ता कोऱ्या पाटीसारखा आहे. अकराला मीटिंग. आकडे नसले तर वॉर्डात दोन जणी वाढवून मिळणार नाहीत."

"माझ्याकडे तर दिसतंय, ताई."

"मग मीटिंगला तूच जा."

तिने तपासलं. अ‍ॅप उघडणाऱ्याच्याच नावाने क्यूबचं दार वाजवत होतं, आणि परवानगीच्या यादीत सिस्टरचं नावच नव्हतं.

"अकराच्या आत तुमच्यासमोर उघडून दाखवते," ती सिस्टरला फोनवर म्हणाली.

नाव यादीत घालायला दोन मिनिटं लागली. तिच्या पडद्यावर 'झालं' अशी हिरवी खूण आली. फोन करून तेवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. घड्याळात साडेदहा झाले होते. तिने फोन तसाच ठेवला, चष्मा पुसला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डाचा जिना चढायला लागली.