लुसियनचा भोपळा आणि माझी गाडी

आमच्याकडे 'चेपणं' कशालाही चालतं. कणीक चेपायची, कॉलर इस्त्रीनं चेपायची, सकाळच्या जपात मन भरकटलं तर त्यालाही हळूच चेपायचं. पण माझा धाकटा भाऊ लुसियन यंदा स्वतःच चेपला गेला होता.

त्याचा बाराशे पौंडांचा भोपळा! रोज रात्री त्यावर गोधडी घालायचा. जत्रेतल्या वजनाच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याला आरपार चीर गेली. चीर गेलेला भोपळा तराजूवर चढवत नाहीत.

"ताई, कुऱ्हाड दे. वाफाही नांगरून टाकतो. पुन्हा भोपळा लावला तर नाव बदलीन!"

"कुऱ्हाड कशाला? माझी गाडी घे," मी म्हटलं.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी गंमत म्हणून क्रेननं भोपळा उंच नेऊन जुन्या गाडीवर सोडतात. माझ्या गाडीला ब्रेक नव्हते, फक्त इंजिन खोकायचं.

"गाडीत मरियामातेची तसबीर आहे ना!"

"ती काढून घेते रे."

शनिवारी अख्खं गाव मैदानात. क्रेन चालवायला ग्लोरिया होती. गेल्या वर्षी तिनं सोडलेला भोपळा गाडीऐवजी कुंपणावर पडला होता.

"ओडिल, रोज जप करतेस ना, तुझा वर वशिला आहे, वारा थांबव जरा!" ती वरून ओरडली.

अशा कामासाठी देवाला हाक मारावी का, मला लाज वाटली. तरी मारली. लुसियन मात्र पाठ फिरवून उभा. "चुकला तर सांगू नकोस."

दोर सुटला.

धप्प! छत सीटला टेकलं, चारी दारं पंखांसारखी उघडली, गर आभाळभर उडाला. मग सगळे नाचायला लागले, फादरसुद्धा. मी आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी वाजवली, आणि ती वाजली!

लुसियन वळला. टोपीवरून रस ओघळत होता. एकदम किंचाळला, "पाय मागे घ्या सगळे! बिया आहेत तिथं! फादर, तुमच्या बुटाखाली एक आहे!"

झालं, सगळं गाव गुडघ्यावर. पोरं मुठीमुठीनं बिया आणून त्याच्या टोपीत टाकत होती.

"ताई, एका वाफ्यात मावायच्या नाहीत या. तुझ्या अंगणात जागा आहे?"

"आजपासून एका गाडीइतकी आहे," मी म्हटलं.