उलटे वेढे

पंचांनी मासा वजनकाट्यावरून उतरवून टबात सोडला, तेवढ्यात शिंप्यानं घड्याळजीच्या गळाची दोरी उचलून डोळ्यांजवळ नेली. मासेमारीच्या स्पर्धेत घड्याळजीचा मासा सगळ्यांत जड भरला होता आणि शिंप्याचा त्याच्या खालोखाल. साहजिकच त्याला आता दोरीत रस आला.

"गाठीचे वेढे उलटे आहेत," तो म्हणाला. "ही डाव्या हातानं बांधलीय. माझा जन्म दोऱ्यात गेलाय, पंच."

सगळ्यांच्या नजरा घड्याळजीच्या बायकोकडे वळल्या. सबंध गल्ली तिला डावरी म्हणूनच ओळखायची. होडी तिनं वल्हवली होती, आणि वल्हवणाऱ्यानं गळाला किंवा दोरीला बोटसुद्धा लावायचं नाही असा नियम होता. लावलं की जोडी बाद.

"उगाच कीस कशाला पाडायचा?" पंच कंटाळून म्हणाले. त्यांनी नवा गळ घड्याळजीपुढे धरला. "इथं सगळ्यांसमोर एक गाठ बांधून दाखवा. तीही उलटी आली, तर कप तुमचा."

घड्याळजीचा उजवा हात खिशात होता. मासा ओढायला जोर लागतो, तो त्या हातात अजून होता. गाठीला बोटं लागतात. वर्षभर ती बोटं थरथरत होती आणि हे त्या नवराबायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. डावरीनं जमलेल्या लोकांवरून नजर फिरवली. हात थरथरणाऱ्या माणसाकडे घड्याळ दुरुस्तीला कोण टाकेल? दुकान बसायला आजची संध्याकाळ पुरली असती, या लोकांच्या जिभा काय कमी होत्या!

घड्याळजी हात बाहेर काढू लागला.

"मी बांधली," डावरी म्हणाली. "यांना न विचारता. म्हटलं, बघू तरी जमतंय का."

"अगं," घड्याळजी म्हणाला आणि त्यानं हात पुन्हा खिशात घातला.

जोडी बाद झाली. मासा परत तळ्यात गेला. बायकोनं हातचा कप घालवला म्हणून लोक हसले, तसा घड्याळजीही हसला. या कपासाठी तो किती वर्षं जीव टाकत होता ते तिलाच माहीत. तिला फार वाईट वाटलं.

कप काखोटीला मारून शिंपी त्यांच्या मागोमाग आला. जरा ओशाळलाच होता.

"राग नको, वहिनी. नियम म्हणजे नियम." मग घड्याळजीकडे वळून त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडलं. "हे हल्ली मागं पडतंय. मागच्या महिन्यात आमच्या हिचं काय झकास करून दिलंत! तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही मी."

घड्याळजी काही बोलायच्या आत डावरीनं हात पुढं करून ते घेतलं.

घरी आल्यावर तिनं टेबलावरचा दिवा उजवीकडे ओढला, डाव्या हाताची सावली पडू नये म्हणून. भिंग डोळ्याला लावलं. घड्याळजी शेजारी स्टूल घेऊन बसला.

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला, "गाठ सुलटी बांधायला शीक."

"ते पुढचं पुढं," ती म्हणाली. "आधी सांगा, यातला कुठला स्क्रू?"